जाताना उतार, येताना चढ

४ तारीख, शुक्रवार

अहो,

आधी खुर्चीत बसा. चष्मा कपाळावर आहे, खिशात शोधू नका.

बसलात? तर तुम्ही आजोबा झालात. काल सकाळी. मुलगी आहे. लेक बरी आहे, दोन घास जेवली आणि झोपली. बाळ असं काही रडलं की दवाखान्यातली बाई हातवारे करून म्हणाली, छाती मजबूत आहे. मी म्हटलं, छाती कुणाची असेल ती असो, आवाज आजोबांचा आहे. तिला माझं बोलणं कळलं नाही, पण हसली. कानही तुमचेच. ट्रकची दोन्ही दारं उघडी टाकावीत तसे. जावई म्हणाले, "केस वाढले की झाकले जातील." मी म्हटलं, "ह्यांचे झाकले गेले का?" सासऱ्यांचा विषय निघाला की जावई लिफ्टमध्ये अडकल्यासारखे वर बघत उभे राहतात. लिफ्ट दुरुस्तीचंच काम करतात म्हणून ते त्यांना शोभून दिसतं.

आता पत्र का, फोन का नाही, ते सांगते. फोनवर तुम्ही "काय? काय?" करता आणि ठेवून देता. खिडकीकडचा कान इंजिनाने खाल्ला, आणि दुसऱ्या कानाला फोन लावायची तुम्हाला सवय नाही. म्हणून मी लिहिणार, जावई पानाचा फोटो काढून शेजारच्या टेलरबाईंच्या फोनवर धाडणार, आणि त्या तुम्हाला दाखवणार. टेलरबाई, तुम्ही हे वाचताय ते मला ठाऊक आहे. वाचा. मला चौथीतून घरी बसवलं, तेव्हा काना-मात्रा कुठे उसवली असेल तर टाके घालून घ्या.

तर प्रवासाचं. मंगळवारी तुम्ही मला विमानतळावर सोडलंत आणि तोंड फिरवून उभे राहिलात. तुमच्यावर रागावून मी आत गेले, आणि खरं सांगायचं तर लेकीवरही रागावूनच गेले. तिने आपल्या दोघांची तिकिटं पाठवली तेव्हा तुम्ही पहिल्यांदा वेळच बघितलीत. सकाळी दहाला सुटणार, दुपारी दोनला पोचणार. तुमचं सगळं आयुष्य त्या दोन आकड्यांवर गेलं. गाडी गोदामातून कधी सुटली आणि मुक्कामी कधी लागली, मुकादम दोन आकडे लिहायचा आणि त्यावरून ड्रायव्हर चांगला की वाईट ते ठरायचं. तुम्ही म्हणालात, "चार तास! आपली ठेंगू लेक चार तासांवर राहते आणि सहा वर्षांत एकदा आली नाही!" परतीच्या तिकिटावर रात्री नऊ ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा असं होतं, ते बघून जरा थबकलात. मग म्हणालात, "जाताना उतार असेल, येताना चढ." मलाही पटलं. भरलेल्या गाडीचं मी जन्मभर ऐकत आलेय.

मग तुम्ही तिला फोन लावून जे ओरडलात ते टेलरबाईंनी भिंतीतून ऐकलंच आहे. ती एवढंच म्हणाली, "बाबा, टोमणे मारायचे असतील तर नका येऊ," आणि ठेवला. तुम्ही नाही आलात. तुमचं तिकीट कपाटात बनियनखाली आहे, मला माहीत आहे.

तर ऐका. ते चार तास नाहीत.

मला खिडकी मिळाली होती. दहाला उडालो. चार तास सरले असतील तेव्हा मी पिशवी मांडीवर घेऊन, चपला घालून, उतरायच्या तयारीत बसले. शेजारी एक चष्मेवाला होता, त्याला विचारलं, "आलं का?" तो म्हणाला, "आजी, अजून अर्धं व्हायचंय." मी मनात म्हटलं, ह्याला काही कळत नाही. पुन्हा जेवायला आणलं. पुन्हा झोपले, उठले, तरी पंखावर ऊन तसंच. दिवस जागचा हलेना. मला वाटलं, आपण मेलो की काय, आणि मेल्यावर असंच असतं, कोंबून बसवतात आणि दर थोड्या वेळाने चहा देतात.

उतरले तर त्यांच्या घड्याळात दोन. लेकीने टेलरबाईंना फोन लावून दिला, पोचले म्हणून सांगायला. तर त्या म्हणाल्या, "आम्ही दिवे लावले, मशीन झाकलं, आता भाकरी टाकते." माझ्या डोक्यावर ऊन, आणि तुमच्याकडे दिवे!

घड्याळं वेगळी आहेत हो. इथलं मागे आहे. मधले साडेपाच तास कुणी खाल्ले नाहीत, ते घड्याळातच बुडाले. खरा प्रवास साडेनऊ तासांचा. जाताना तेवढाच, येताना तेवढाच. उतार नाही आणि चढ नाही.

बघा, आणि विचार करा.

तुमची,
आजीबाई (आता हे म्हणायला हरकत नाही)


६ तारीख, रविवार

अहो,

तुमचा निरोप टेलरबाईंनी आवाजात भरून पाठवला. एवढं मोठं पत्र मी लिहिलं आणि तुमचं उत्तर काय, तर "खोटं." त्यामागे टेलरबाई "अहो, आजोबा झालात, काहीतरी गोड बोला" म्हणताना ऐकू येतात, आणि मग तुम्ही "कान खरंच माझे आहेत का?" असं विचारता. आहेत. सोबत फोटो आहे. तो बघून चेष्टा करू नका, ती मोठी होऊन माझ्याशी भांडेल.

आज घरी आलो. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, आणि जिन्यापेक्षा लिफ्ट जास्त स्वच्छ. ती काय काम करते ते आपल्याला नीट माहीत नव्हतं. कवळ्या करते! खोलीच्या कोपऱ्यात तिचं टेबल आहे, त्यावर सगळीकडे दात. मी पहिल्या दिवशी दिवा लावायला गेले आणि सोळा-सतरा जबडे माझ्याकडे बघून हसले. लेक म्हणाली, "घाबरू नकोस, कुणाचे तरी आहेत." म्हटलं, त्याचीच भीती वाटते. एकेक दात ती नखाएवढ्या कानशीने घासते आणि उजेडात धरून बघते. तुम्ही टायर बघायचात ना डोळा बारीक करून, अगदी तसं.

जावयांनी मला घड्याळाचं समजावलं. बाळाचा एक चेंडू आणि त्यांच्या कामाची बॅटरी घेऊन बसले. चेंडूवर एका बाजूला उजेड, एका बाजूला अंधार, तो फिरतो, वगैरे. मी मान हलवली. चेंडू कळला, पण मी त्यावर कुठे बसलेय ते नाही कळलं. तुम्हालाही ते पटणार नाही, म्हणून चेंडूचं लिहीत नाही.

पण मला एक गोष्ट सुचली. आठवतंय, लेक दर रविवारी फोन करायची? आपली जेवणं उरकलेली, भांडी झालेली, आणि ही म्हणायची, "आत्ताच उठले, चहा घेतेय." मी तुम्हाला म्हणायचे, पोर परक्या गावात जाऊन बिघडली, दुपारपर्यंत लोळते. सहा वर्षं म्हणायचे. काल तिला हे सांगितलं. ती हसता हसता रडायला लागली, आणि ओल्या बाळंतिणीने रडू नये म्हणतात म्हणून मी विषय बदलला. अहो, ती सकाळी उठत होती. आपली दुपार होती, तिची सकाळ होती.

हेही खोटं वाटलं तर सांगा.


९ तारीख, बुधवार

अहो,

"फोटो कालचा असेल." हे तुमचं उत्तर. जावयांनी इथलं भर दुपारचं ऊन फोनवर दाखवलं, तिकडे तुमच्या गॅलरीत संध्याकाळ, आणि तुम्ही म्हणता फोटो कालचा. तो हलत होता हो! कालचा फोटो हलतो का?

बरं, ऊन सोडा. माझ्या पायांवर विश्वास ठेवाल?

मी आले त्या दिवशी लेकीने माझे मोजे काढले आणि घाबरून पायांचा फोटो घेतला, डॉक्टरला दाखवायला. तो सोबत आहे. नीट बघा. मोज्याचा वळ कुठपर्यंत रुतलाय, आणि सूज कुठवर चढलीय. तुम्ही गाडीवरून यायचात तेव्हा बूट मी ओढून काढायचे, तुमचे पाय माझ्याइतके कुणी बघितलेले नाहीत, तुम्हीसुद्धा नाही. जवळच्या फेरीला घोटा जेमतेम भरायचा. लांबच्या फेरीनंतर नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरून येईतो माझा चहा उकळायचा. फोटोत लेकीने बोट दाबलंय. खड्डा बघा आणि मग सांगा चार तास की साडेनऊ.

(टेलरबाई, पायाचा फोटो तुम्ही बघू नका. लाज वाटते.)

नात आज जांभई देताना मधेच विसरली आणि तोंड तसंच उघडं ठेवून झोपली. मी बघत बसले. दुसरं काही काम झालं नाही. आनंदात आहे मी. इतकी की कुणाला दिसू नये म्हणून फडकी घड्या घालत बसते.

रात्रीची भाजी तुम्ही करपवता म्हणून टेलरबाईंनी कळवलं. बटाटा टाकला की झाकण ठेवा आणि तिथेच उभे राहा. वर्तमानपत्र घेऊन बाहेर जायचं नाही.


१३ तारीख, रविवार

अहो,

तुमचा निरोप आला. पहिला भाग ऐकून मी टाळी वाजवली. "नडगीचा खड्डा बघितला. साडेनऊ. मानलं." जावई तर उठून उभेच राहिले. चेंडू-बॅटरीने झालं नाही ते माझ्या पायांनी झालं.

मग दुसरा भाग. "पण साडेनऊ म्हणजे तरी काय मोठं? एका बैठकीत मी ह्याहून जास्त चालवलंय. सहा वर्षांत एक दिवस नाही निघाला?"

लेक तिथेच बसली होती, बाळाला पाजत. तिने ऐकलं. टेबलाकडे बघत राहिली. जावई वर बघायला लागले. तुमचं म्हणणं खरंच होतं. घड्याळ बरोबर करून काहीच झालं नाही. चार असोत की साडेनऊ, सहा वर्षं तशीच राहिली.

मी म्हटलं, "बोल गं. काय आहे ते एकदा बोल."

ती म्हणाली, "बाबांनी मला कधी ये म्हटलं का?"

"अगं, बापाने लेकीला ये म्हणायचं असतं का?"

"एकदा तरी विचारायचं, कधी येतेस म्हणून. दर रविवारी मी फोन करायचे, तू पाच मिनिटं बोलायचीस, मग बाबांकडे द्यायचीस. ते म्हणायचे, 'बरी आहेस ना? बरं.' झालं. फोन परत तुझ्याकडे. मला वाटलं, त्यांना नको आहे. माझ्या लग्नाने दुखावलेत आणि तोंडाने बोलत नाहीत."

मला हसू आलं, आणि मग हसूही येईना.

अहो, आपल्या घरात कुणाला "कधी येणार" असं कधी विचारलंय का? ड्रायव्हराच्या घरात विचारायचं नाही. गाडीवरच्या माणसाला वेळ विचारली की त्याचा पाय दाबतो, तो घाई करतो, आणि मग काय होतं ते आपण आपल्या वस्तीत दोन घरी बघितलं. तुमची गाडी सुटायची तेव्हा मी फक्त "बरं" म्हणायचे. ही तीन वर्षांची असताना दारात उभी राहून "बाबा कधी येणार?" म्हणाली, तर मी हिच्या तोंडावर हात ठेवला. त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही. तुम्हीही तिला विचारलं नाहीत, तिने वाटेत घाई करू नये म्हणून. पण ती वाटेत नव्हतीच हो. ती घरात बसून वाट बघत होती, कुणीतरी विचारेल म्हणून.

हे मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता तरी विचारू दे की त्यांना." मी म्हटलं, "ते नाही विचारणार. मेले तरी नाही. त्यांना वाटतं त्यांच्या विचारण्याने विमान पडेल."

"मग?"

"मग काय. तू विचार."

"मी? तूच माझं तोंड दाबलंस!"

"आता काढलाय हात," मी म्हटलं.

ती बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत राहिली. बाळाने ढेकर दिला, मोठा, तुमच्यासारखा.

जावई म्हणतात, तुमच्या तिकिटाची तारीख पंधरापर्यंत बदलून मिळते, मग ते वाया. मी तुम्हाला या म्हणत नाही. मीही त्याच घरातली आहे, माझ्या तोंडून निघत नाही. फक्त कळवते.


१७ तारीख, गुरुवार

अहो,

सोमवारी जे झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण तुम्हाला फक्त तिकडचं माहीत आहे. इकडचं सांगते.

लेकीने सकाळपासून फोन हातात घेतला, ठेवला, घेतला. एक कवळी घासायला बसली आणि पुढचा दात घासून घासून बारीक केला, तो आता नव्याने करावा लागणार. शेवटी टेलरबाईंना लावला, म्हणाली, "बाबांना द्या. दुसऱ्या कानाला लावायला सांगा." मी बाळाला घेऊन दारात उभी.

"बाबा, कधी येताय?"

"काय?"

"कधी येताय?"

"कोण येतंय?"

"तुम्ही! तुम्ही कधी येताय, बाबा?"

तिच्या ओरडण्याने वरच्या मजल्यावरच्यांनी फरशीवर काहीतरी आपटलं. बाळ दचकून रडायला लागलं. लेक तशीच उभी, फोन कानाला दाबून, डोळे मिटून. तिकडून काहीच येईना. मला वाटलं, ठेवलात. मग टेलरबाईंचा आवाज आला, "ते खाली बसलेत गं. थांब जरा. पाणी देते."

आम्ही थांबलो.

मग तुम्ही म्हणालात, "तुला कधी पाहिजे?"

"उद्या."

"उद्या नाही जमणार. टेलरबाईंकडे शर्ट टाकलाय."

टेलरबाई मागून ओरडल्या, "मी आत्ता देते शिवून!" ते मी स्वतः ऐकलं. माझं ह्या बाईबद्दल आधी जे मत होतं ते मी बदललंय.

जावयांनी त्याच दिवशी तारीख बदलून घेतली. रविवारचं मिळालं. आता नीट वाचा, दोनदा वाचा.

गॅस बंद करा, किल्ली टेलरबाईंना द्या. जुने बूट घाला, नवे नकोत, पाय फुगल्यावर नवे चढणार नाहीत. दर थोड्या वेळाने उठून चाला, तिथे कुणी ओरडत नाही. वैमानिकाला बघायला पुढे जाऊ नका, तो दार लावून बसतो, मी विचारून आलेय. मनगटावरचं घड्याळ उतरल्यावर बदला. बदलायला जड गेलं तर खिशात ठेवा.

विमानतळावर मी नसेन. मी बाळापाशी राहणार. जावई येतो म्हणत होते, त्यांना मी नको म्हटलं. ते चांगले आहेत, पण वर बघत बसतील. लेक एकटी येईल. दवाखान्यातल्या बाईने परवानगी दिलीय, गाडी तीच चालवेल. हो, ठेंगू. तुम्ही तिच्या शेजारी बसायचं. तुमच्या बाजूला ब्रेक नाही, उगाच पाय दाबू नका. वळणावर "हळू" म्हणू नका. ती छान चालवते, आरशात बघते, हातही तुमच्यासारखे धरते. पण ते तुम्हीच बघा, आणि जमलं तर तिला सांगा.

जावई म्हणाले, विमानतळावरून घरी यायला दोन रस्ते आहेत. एक नवा, अर्ध्या तासाचा. दुसरा जुना, गोदामांच्या मागून, नदीला धरून येतो, त्याला दुप्पट वेळ लागतो.

मी लेकीला म्हटलंय, जुन्यानेच आण.